इटलींतील एक विवाह आणि त्यांतील वचन

आपणांपैकीं प्रत्येकानें आजवर शेंदोनशें लग्नें तरी पाहिलीं असतील. अक्षता टाकाव्या, आहेर करावा, पंगतीस बसावें आणि घरीं परतावें, इतक्या सवयीनें आपण लग्नास जातों. परंतु परत आल्यावर जर कोणीं विचारलें कीं, "त्या मुलानें त्या मुलीस आज कोणतें वचन दिलें? आणि तिनें त्याला कोणतें दिलें?" तर कितीजणांस उत्तर देतां येईल? हा प्रश्न मजपुढें उभा राहिला तो इटली देशांतील एका डोंगराळ प्रांतीं, माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या निमित्तानें. त्या लग्नाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मी वाईचा राहणारा. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें, आणि पुढील सर्व आयुष्य मराठी शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा यंत्रविद्येच्या उच्च शिक्षणासाठीं इटलींतील तुरीन शहरीं गेला, तेथेंच नोकरीस लागला, आणि तेथील एका मुलीशीं विवाह करण्याचा त्याचा निश्चय झाला. मुलगी सुल्मोना गांवची. लग्न तिच्या गांवीं, तिकडील रीतीप्रमाणें, २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत करावयाचें ठरलें.

सुल्मोना हें गांव रोमच्या पूर्वेस सुमारें दीडशें किलोमीटरांवर, आब्रुत्सो नांवाच्या प्रांतांत आहे. भोंवतीं उंच पर्वत आणि मधल्या सपाटीवर गांव. मुख्य चौकालगत १२५६ सालीं बांधलेल्या पाटाच्या दगडी कमानी अद्याप उभ्या आहेत. लॅटिन भाषेचा थोर कवि ओव्हिड याचा जन्म इसवी सनापूर्वीं ४३ या वर्षीं ह्याच गांवीं झाला. रोमन लोकांच्या सणवारांवर त्यानें जें काव्य लिहिलें, त्यांत मे महिन्यांत लग्न करूं नये, या लोकसमजुतीची नोंद आहे. मंगळवारीं व शुक्रवारीं लग्न करूं नये आणि प्रवासासहि निघूं नये, अशा अर्थाची म्हणहि त्या देशांत आहे. पौषांत व चातुर्मासांत लग्नतिथि न धरणाऱ्या आम्हां मंडळींस ह्यांत परकें असें कांहींच वाटलें नाहीं.

परकेपणा वाटला तो एका कागदामुळें. तो काय होता, तें थोडें खुलासेवार सांगितलें पाहिजे. इटलीचें राज्य व पोप यांच्यांत १९२९ सालीं जो करार झाला, त्यामुळें चर्चमध्यें लागलेलें लग्न सरकारदफ्तरींहि नोंदलें जातें. लग्नापूर्वीं वधूवरांचीं नांवें नगरपालिकेंत निदान आठ दिवस जाहीर व्हावीं लागतात. वर ख्रिस्ती नसेल तर बिशपची विशेष परवानगी लागते. आमच्या मुलानें धर्म बदलावा, असा आग्रह कोणीं धरला नाहीं; चर्चच्या कायद्याचीहि तशी मागणी नाहीं. मात्र कॅथॉलिक पक्षानें, म्हणजे येथें वधूनें, असें वचन द्यावयाचें असतें कीं, मी माझी श्रद्धा सोडणार नाहीं, आणि होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा होऊन तीं त्या धर्मांत वाढावीं, यासाठीं मजकडून होईल तें सर्व करीन. दुसऱ्या पक्षानें कोणतेंहि वचन द्यावयाचें नसतें; वधूनें असें वचन दिलें आहे, हें त्यास कळवितात.

चिरंजीवानें हें टेलिफोनवर सांगितलें, तेव्हां माझी भावजय उठून स्वयंपाकघरांत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाहीं. रात्रीं मला म्हणाली, "भाऊजी, मुलगा तिकडेच राहणार, हें मीं मनाशीं धरलें होतें. पण नातवंडांचें लग्नाआधींच कागदावर लिहून झालें. आम्हांला कोणी कांहीं विचारलें का?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. माझा भाऊ एवढेंच म्हणाला, "आपण जायचें. न जाण्यानें कागद बदलत नाहीं."

लग्नास महिनाभर अवकाश असतां चिरंजीवानें मजवर एक काम सोपविलें. चर्चमध्यें आपण काय बोलणार, तें आईला समजलें पाहिजे, असें त्याच्या मनांत होतें. त्यानें विवाहवचनाचा इटालियन मजकूर देवनागरींत उतरून, शब्दाशब्दाखालीं अर्थ लिहून पाठविला, आणि खालीं लिहिलें, "मोठे काका, ह्याचें चांगलें मराठी तुम्हीच करा." वचन फार मोठें नाहीं. सुखांत आणि दुःखांत, आरोग्यांत आणि आजारपणांत एकनिष्ठ राहीन, आणि जन्मभर तुझ्यावर प्रेम करून तुझा मान राखीन, असा त्याचा आशय आहे.

अडचण पहिल्याच क्रियापदाशीं आली. पूर्वीं ह्या वाक्यांत 'प्रेन्दो', म्हणजे 'मी घेतों', असें क्रियापद होतें. २००४ सालीं इटलींतील चर्चनें विवाहविधीच्या पुस्तकाची नवी आवृत्ति काढली, तींत 'प्रेन्दो' हा शब्द काढून 'अक्कोल्गो' हा शब्द घातला. घरीं आलेल्या पाहुण्याचें आगत-स्वागत करणें, यासहि इटालियन भाषेंत हेंच क्रियापद लावतात. घेणें हें वस्तूचें होतें. ह्या दुसऱ्या शब्दांत आलेल्या माणसासाठीं दार उघडून त्यास आंत घेण्याचा भाव आहे.

मराठींत ह्यास काय म्हणावें? आपली लग्नाची भाषा पाहावी तर सारी देण्याघेण्याची. मुलगी देतात, मुलगी करून घेतात, सून आणतात; दिल्या घरीं सुखी राहा, असा आशीर्वाद देतात. संस्कृतांतील पाणिग्रहण म्हणजेहि हात घेणेंच. 'पत्करतों' म्हणावें तर त्यांत नाइलाजाचा वास येतो. 'अंगीकार' हा शब्द भारदस्त खरा. पण तो व्रताला किंवा मताला शोभतो, समोर उभ्या असलेल्या माणसाला नव्हे. पंधरा दिवस शब्दकोश चाळून शेवटीं 'स्वीकार' ह्या शब्दावर थांबलों. जें आजवर आपलें नव्हतें तें आपलें करणें, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मीं वराच्या तोंडीं लिहिलें, "तुला मी आपली म्हणून स्वीकारतों," आणि वधूच्या तोंडीं, "तुला मी आपला म्हणून स्वीकारतें." कागद भावजयीच्या हातीं दिला. तिनें तो दोनदां वाचला आणि विचारलें, "दोघांचें वाक्य सारखेंच?" मीं म्हटलें, "होय, सारखेंच." ती कांहीं बोलली नाहीं, पण कागद घडी करून तिनें प्रवासाच्या पिशवींत ठेवला.

आम्ही सुल्मोनास पोहोंचलों तेव्हां लग्नघरीं आपल्याकडील लग्नघरासारखीच गर्दी होती. लग्नाच्या आदल्या रात्रीं वरानें मित्रांसह वधूच्या खिडकीखालीं जाऊन गाणें म्हणावयाचें, अशी मध्य व दक्षिण इटलींत जुनी चाल आहे. चिरंजीवाचा आवाज यथातथाच. त्यामुळें गाण्याचा बहुतेक भार एका हातपेटीवाल्या मित्रानें उचलला. बराच वेळ खिडकी बंदच होती. मग आंत दिवा लागला, खिडकी उघडली, आणि गल्लींतील शेजारीपाजारी टाळ्या वाजवूं लागले. आमचा रुखवत आणि ही खिडकी, दोहोंचें प्रयोजन एकच: दोन्ही पक्षांनीं थोडें हंसावें आणि उद्यांच्या गंभीर प्रसंगासाठीं मन मोकळें करावें.

सुल्मोनाची खरी ख्याति मात्र साखर चढविलेल्या बदामांसाठीं आहे. त्यांस 'कोन्फेत्ती' म्हणतात. इंग्रज लोक त्याच नांवानें कागदाचे रंगीत तुकडे ओळखतात; इटलींत मात्र त्या तुकड्यांस 'कोरियान्दोली' असें नांव आहे, कारण पूर्वीं तेथील उत्सवांत साखर चढविलेले धणे उधळीत असत. बदामावर साखरेच्या पाकाचे थरावर थर चढविण्याची ती कृति ऐकून भावजयीनें तत्काळ ओळखलें, "हा तर आपला हलवा!" आणि खरेंच, परातींत तीळ घेऊन, मंद आंचेवर थोडा थोडा पाक सोडीत आपण संक्रांतीचा हलवा करतों, त्याच जातीची ती विद्या. आपण नव्या सुनेस हलव्याचे दागिने घालतों; सुल्मोनाचे कारागीर त्या बदामांवर रंगीत कागद गुंडाळून त्यांचीं फुलें व गुच्छ करतात. लग्नाच्या पाहुण्यांस असे पांच बदाम लहानशा पुरचुंडींत बांधून देतात: आरोग्य, संपत्ति, सुख, संतति आणि दीर्घायुष्य यांचे ते पांच. संख्या विषम कां, तर ती दोघांत सारखी विभागतां येत नाहीं म्हणून. शंभरावर एक रुपया ठेवून आहेर करणाऱ्या आपणांस हें अधिक सांगणें नको.

आतां मुख्य विधीकडे वळतों. वर चर्चमध्यें आधीं येऊन वेदीपाशीं उभा राहतो. त्या दिवशीं विधीपूर्वीं त्यानें वधूस पाहूं नये, असा संकेत आहे. म्हणजे आपल्या अंतरपाटाचें काम तेथें चर्चचें दार करतें. वधू वडिलांच्या हाताशीं हात गुंफून सावकाश चालत आली. वडिलांनीं तिच्या कपाळाचें चुंबन घेतलें, हात सोडला, आणि ते आपल्या जागीं जाऊन बसले. मी लक्ष देऊन पाहत होतों. पुढील सर्व विधींत त्यांस एकहि शब्द बोलावयाचा नव्हता. मुलगी चालत आली ती वडिलांबरोबर. बोलावयाचें होतें मात्र तिचें तिनेंच. कॅथॉलिक धर्मशास्त्र असें सांगतें कीं, विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीनें. ती नसेल तर दुसऱ्या कोणाच्याहि अधिकारानें तिची उणीव भरून निघत नाहीं. पाद्री ती संमति विचारतो, ऐकतो व चर्चच्या वतीनें ग्रहण करतो. आपल्या भाषेंत भटजी लग्न 'लावतात'. तेथें लग्न लावणारा कोणी नाहीं. लग्न करणारीं दोघें आहेत.

एक काळ असा होता कीं, चर्चमधील उपासना लॅटिन भाषेंत चाले व ती सामान्य माणसास समजत नसे. १९६२ ते १९६५ या काळांत रोममध्यें भरलेल्या धर्मपरिषदेनंतर ती लोकांच्या भाषेंत होऊं लागली. त्यामुळें त्या दिवशीं चर्चमध्यें बसलेल्या पोरासोरांनाहि प्रत्येक वाक्य समजत होतें. न समजणारे आम्ही तिघेंच, आणि आमच्या हातीं मराठी कागद होता. चिरंजीव बोलूं लागला तेव्हां भावजयीनें आपलें बोट ओळीखालीं धरलें. त्याचें बोलणें संपलें, वधूचें सुरू झालें, आणि ते बोट खालच्या ओळीवर आलें. त्या मुलीचा आवाज मध्येंच कांपला. ती थांबली, आणि पुन्हां पहिल्यापासून तिनें वाक्य म्हटलें. कोणीं तिला शब्द सुचविला नाहीं. सर्व चर्च तिच्यासाठीं थांबलें.

अंगठ्या घातल्यावर एक गोष्ट घडली, जिची मला कल्पना नव्हती. पाद्रीबुवांनीं सरकारी कायदा वाचण्यास घेतला. इटलीच्या दिवाणी संहितेचीं १४३, १४४ व १४७ हीं तीन कलमें वधूवरांस वाचून दाखवावींच लागतात. पहिल्याचा आशय असा कीं, विवाहानें पतिपत्नींस समान हक्क प्राप्त होतात व समान कर्तव्यें लागू होतात. निष्ठा, परस्परांस मदत, कुटुंबाच्या हितासाठीं सहकार्य व एकत्र राहणें हीं दोघांनीं पाळावयाचीं. दुसऱ्याचा आशय असा कीं, संसार कसा चालवावा व कोठें राहावें, हें दोघांनीं विचारानें ठरवावें. हें नेहमीं असें नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. १९७५ पर्यंत त्याच संहितेंत पति हा कुटुंबाचा प्रमुख होता, आणि तो जेथें राहील तेथें पत्नीनें जाणें भाग होतें. त्या वर्षीं कायदा बदलला. तिसरें कलम मुलांविषयींचें: त्यांचें पोषण, शिक्षण व नैतिक सांभाळ आईबापांनीं करावा, आणि तो करतांना मुलांची कुवत, त्यांचा नैसर्गिक कल व त्यांच्या आकांक्षा यांचा मान ठेवावा. जन्मभर मुलांस शिकविलेल्या माणसास हें वाक्य एखाद्या शिक्षणसंस्थेच्या दारावर कोरावें, असेंच वाटलें.

चिरंजीवानें हीं कलमेंहि कागदाच्या मागील बाजूस लिहून दिलीं होतीं. भावजय तीं वाचून हळूच म्हणाली, "मुलांचा कल म्हणजे मुलांचा स्वतःचा ना?" मीं म्हटलें, "होय, स्वतःचा." तिच्या मनांतील प्रश्न तेवढ्यानें मिटला, असें मी म्हणणार नाहीं. चर्चचा कागद आणि सरकारचें कलम दोन्ही आपापल्या जागीं आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढणें त्या दोघांकडे आहे. परंतु जें ठरावयाचें आहे तें आपल्यामागें ठरलेलें नाहीं, एवढें तिला त्या दिवशीं उमगलें.

वधूवर, साक्षीदार व पाद्री यांच्या सह्या झाल्या, आणि मंडळी बाहेर आली. चर्चच्या पायऱ्यांवर लोक मुठींत तांदूळ घेऊन उभेच होते. वधूवर दारांत येतांच तांदुळांचा पाऊस पडला. आपल्या अक्षता कुंकवानें माखलेल्या असतात, त्यांचे तांदूळ पांढरे, एवढाच भेद. वधूच्या आईनें आधींच सांगून ठेवलें होतें कीं, तुमचा जो विधि असेल तो येथेंच करा. भावजयीनें तबकांत निरांजन लावलें, त्याच पायऱ्यांवर दोघांस कुंकू लावून ओंवाळलें, आणि आपल्या अक्षता त्यांच्या तांदुळांत मिसळल्या.

जेवण दुपारीं दोनला सुरू झालें आणि दिवे लागेपर्यंत चाललें. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यासाठीं चौकटीवर ताणलेल्या तारांमधून कापलेल्या गव्हाच्या शेवया निराळ्या केल्या होत्या. त्या चौकटीस तिकडे सतारीसारख्या एका तंतुवाद्याचें नांव आहे. मध्येंच वराचा गळपट्टा मित्रांनीं कात्रीनें कापला व त्याचे तुकडे पाहुण्यांस विकून नवदांपत्यासाठीं पैसे जमविले. ह्या गडबडींत वधूची आजी भावजयीजवळ येऊन बसली. चिरंजीव दुभाषा झाला. म्हातारीनें आपल्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या डोंगराळ प्रांतांतील हजारों तरुण पोटासाठीं बेल्जम, आर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया येथें गेले. परत येण्यास पैसे नसत. म्हणून मुखत्यारपत्रावर लग्नें लागत. ह्या बहिणीचें लग्न असेंच लागलें. नवरा ऑस्ट्रेलियांत, आणि वेदीपाशीं त्याच्या जागीं उभा राहून 'होय' म्हणणारा तिचा स्वतःचा मामा. आपल्याकडे सरदार घराण्यांत खांडा पाठवून लग्न लावीत, तशांतलाच हा प्रकार. मग ती एकटी जहाजावर चढली, ती पुन्हां गांवीं आली नाहीं. आजी म्हणाली, "आज तुमचा मुलगा इतक्या लांबून येऊन स्वतःच्या तोंडानें बोलला. मला तें पुरेसें आहे." भावजयीनें तिचा हात हातांत घेतला. त्यांची पुढील दोन घटका चाललेली भाषा कोणती होती, तें मला सांगतां येणार नाहीं. दुभाषा तेव्हां नाचावयास गेला होता.

त्याच वर्षीं डिसेंबरांत तीं दोघें, वधूच्या आईवडिलांसह, वाईस आलीं आणि आमच्या घरीं वैदिक पद्धतीनें विवाहविधि झाला. विधीपूर्वीं गुरुजी अर्थ सांगत होते व चिरंजीव तो इटालियन भाषेंत उतरवीत होता. कन्यादान म्हणजे काय, हें सासऱ्यांस समजावितांना त्याची जी तारांबळ झाली, ती पाहण्यासारखी होती. पुढें गुरुजी म्हणाले, "आतां वधूपिता वरास सांगेल कीं, धर्म, अर्थ व काम यांत हिला डावलूं नकोस, आणि वर म्हणेल, 'नातिचरामि,' म्हणजे मी मर्यादा ओलांडणार नाहीं." नव्या सूनबाईनें तें लक्षपूर्वक ऐकलें आणि अगदीं सरळपणें विचारलें, "आणि मी केव्हां बोलायचें?"

घरांत क्षणभर शांतता झाली. आमच्या पिढ्यान् पिढ्यांत हा प्रश्न कोणत्याहि नवरीनें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. गुरुजी विद्वान व प्रांजळ गृहस्थ. ते म्हणाले, "परंपरेनें हें वचन वरच देतो. सप्तपदींतील मंत्रहि तोच तिला उद्देशून म्हणतो." थोडें थांबून ते पुढें म्हणाले, "परंतु सात पावलांचा अर्थ दोघांनीं आपल्या भाषेंत मोठ्यानें म्हणण्यास माझी हरकत नाहीं." त्याप्रमाणें झालें. प्रत्येक पावलागणिक आधीं मंत्र, मग त्यानें मराठींत, तिनें अडखळत मराठींत. आणि सातव्या पावलावर तिनें कोणींहि न सांगतां माझ्या कागदावरील वाक्य म्हटलें, "तुला मी आपला म्हणून स्वीकारतें."

श्रोतेहो, तिकडील तें सर्व चांगलें आणि आपलें तें उणें, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. स्वभाषेंतील वचनासाठीं आपणांस इटलीपर्यंत जाण्याचेंहि कारण नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला आणि वधूवर एकमेकांशीं मराठींत बोलतात अशीं मंगलाष्टकें रचलीं. त्यांत वधू आपला हक्क मागते व वर तो मान्य करतो. रोमची धर्मपरिषद भरली त्याच्याहि सुमारें नव्वद वर्षें आधींची ही गोष्ट. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनें तर मंत्रांचा मराठी अर्थ सांगत विवाहसंस्कार करण्याची पद्धत चालू केली, आणि स्त्रियांनाहि पौरोहित्य शिकविलें. म्हणजे वाट आपल्याच घरांतून गेलेली आहे. आपण तिच्यावरून चालत नाहीं, इतकेंच.

आपण मुहूर्ताचें मिनिट चुकूं देत नाहीं, पत्रिकेंत एक नांव गाळूं देत नाहीं, पंगतींत मीठ कमी पडूं देत नाहीं. मात्र ज्या एका वाक्यासाठीं हा सारा खटाटोप, तें वाक्य वरास समजलें नाहीं आणि वधूस बोलावयास मिळालें नाहीं, तरी आपणांस चुकल्यासारखें वाटत नाहीं. माझी विनंति अगदीं लहान आहे. ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे, त्यांनीं लग्नापूर्वीं एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. गुरुजींस बोलवावें, मुलास व मुलीस शेजारीं बसवावें, आणि विधींतील प्रत्येक वचनाचा अर्थ मराठींत वाचून घ्यावा. मग मुलीस विचारावें, "तुला काय बोलायचें आहे?" तिनें जें सांगितलें असेल, त्यासाठीं विधींत दोन मिनिटें राखून ठेवावीं. मुहूर्त त्यानें टळत नाहीं. लग्न मात्र दोघांचें होतें.